केप मेची लाकडी घरे

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घरात दोन रात्री राहावे, सकाळी न्याहारी यजमानाच्याच टेबलावर घ्यावी, ही हौस अमेरिकेत न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरील केप मे गावी पुरविली जाते. तेथे घर निवडताना सजावटीआधी त्याचे साल विचारावे, असे आम्हांस वाटते. ९ नोव्हेंबर १८७८ रोजी लागलेल्या आगीत सुमारे ३५ एकर वस्ती भस्मसात झाली. ‘काँग्रेस हॉल’ हे हॉटेल पुढच्याच वर्षी विटांनी उभारले गेले; पुष्कळांनी मात्र पुन्हा लाकडाचीच नक्षीदार घरे बांधली. १८७२ साली जुगाराच्या क्लबासाठी बांधलेले एक घर आगीतून वाचले व शंभर वर्षांनी पाहुण्यांचे निवासगृह झाले. जुगाऱ्यांच्या दालनांत सज्जनांनी निजावे, हा काळाचा विनोदच!

पुढे आगीहून मोठे संकट आले ते अनास्थेचे. डॉ. एम्लेन फिझिक यांचा १८७९ चा वाडा पाडला जाणार होता. १९७० मध्ये नागरिकांनी संस्था स्थापून तो वाचविला. १९७६ साली अवघे गावच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. खाऱ्या हवेत लाकूड व रंग टिकविणे किती खर्चाचे, हे अग्रशाळेची डागडुजी पाहिलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. निवासगृह झालेल्या घरांत तो खर्च पाहुण्यांच्या भाड्यातूनच भागवावा लागतो.