चंचल चित्त आणि मागे पडलेले घड्याळ

मध्यरात्र उलटली तरी ज्याचा डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी ज्याला हाका मारमारून उठवावे लागते, अशा माणसाला आपल्याकडे एकच नाव आहे : आळशी. त्यातून तो विसराळू व हाती घेतलेले काम अर्धवट टाकणारा असला, तर त्याच्या चारित्र्याचा निकाल लागलाच म्हणून समजावे. हा निकाल न्याय्य आहे काय, हे ठरवावयाचे तर दोन निरनिराळे इतिहास ताडून पाहिले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

पहिला इतिहास एका रोपट्यापासून सुरू होतो. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. पुढे १८३२ साली द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, सतत एकसारख्या प्रकाशात लाजाळूचा 'दिवस' बावीस-तेवीस तासांचाच असतो. म्हणजे घड्याळ सजीवाच्या आतच असते. मात्र बाहेरच्या सूर्याशी ते रोज जुळवून घ्यावे लागते. १९५८ साली अमेरिकेत लर्नर यांनी मेलाटोनिन हे द्रव्य वेगळे केले. सायंकाळी रक्तात ते वाढू लागले की शरीराची रात्र सुरू झाली, असे ओळखावे. १९७२ साली या घड्याळाचे स्थान मेंदूत सापडले, आणि १९८१ साली वाइट्झमन प्रभृतींनी अशा माणसांचे वर्णन केले की ज्यांची झोप निकोप असते, पण काही तास उशिराने येते.

दुसरा इतिहास चंचल चित्ताचा. १७९८ साली स्कॉटिश वैद्य क्रायटन यांनी अवधानाच्या विकारावर एक प्रकरण लिहिले. परंतु १९०२ साली लंडनच्या व्याख्यानांत जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन केले, ते 'नैतिक नियंत्रणातील दोष' म्हणून! १९६८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हा बालपणीचा अतिचंचलतेचा विकार ठरला; १९८० साली अवधानाच्या उणिवेला प्राधान्य मिळाले; आज त्यास एडीएचडी म्हणतात. मूल मोठे झाले की विकार आपोआप सरतो, ही समजूत दीर्घकाळ टिकली. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी लक्षणांची अट थोडी सैल झाली.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते अगदी अलीकडे. २०१० साली हॉलंडमधील संशोधकांनी एडीएचडी असलेले ४० प्रौढ तपासले. त्यांपैकी ज्यांना झोप लागण्यास त्रास होई, त्यांचे मेलाटोनिन निरोगी माणसांपेक्षा उशिरा वाढत असल्याचे दिसले. त्यांची रात्रच उशिरा सुरू होत होती. पुढे त्याच देशातील एका चाचणीत अशा प्रौढांना अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले असता घड्याळ सुमारे दीड तास अलीकडे आले व एडीएचडीची लक्षणे १४ टक्क्यांनी उतरली. औषध थांबविल्यावर दोन आठवड्यांत सारे पूर्वपदावर आले.

यावरून उशिरा येणारी झोप हेच एडीएचडीचे मूळ, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. असे घड्याळ प्रत्येक रुग्णात आढळत नाही. आणि नुसत्या अपुऱ्या झोपेनेही कोणाचेही चित्त विचलित होते. १४ टक्के हा आकडाही बेताचाच आहे. तथापि एवढे खरे की, 'लक्ष लागत नाही' असे सांगत येणाऱ्या प्रौढाला 'झोप किती वाजता येते?' हा प्रश्न वैद्याने अवश्य विचारला पाहिजे. आणि स्वतःच्याच मनाने औषध घेण्याऐवजी रुग्णानेही वैद्यास तो सांगितला पाहिजे.

आणि घरच्या मंडळींनी? स्टिल यांच्या 'नैतिक दोषा'पासून शास्त्र शंभर वर्षांत पुष्कळ पुढे आले; पण सकाळी पांघरूण ओढून काढताना आपल्या तोंडी अजून तोच शब्द येतो. निदान तो उच्चारण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.