गटाची वेस आणि शाळेचे मैदान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते शाळा सुटल्यावर चुन्याची फक्की घेऊन स्वतः मैदान आखीत असत. त्यांना स्मरूनच मी आजचा विषय निवडला आहे. आपला खेळाडू कोणत्या गटात खेळणार हे कोण ठरविते, आणि त्या गटातील स्थानाला अर्थ कशाने येतो?

सुरतेचाच दाखला घेऊ. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने १९१८ साली येथे महाविद्यालय काढले; पुढे ते एम. टी. बी. कॉलेज म्हणून नावारूपास आले. त्या काळी येथील उच्च शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १९३५-३६ पासून रोहिंटन बारिया चषकासाठी आंतरविद्यापीठ क्रिकेट सुरू झाले, आणि त्यात विद्यापीठाचा एकच संघ उतरे. सुरतेच्या मुलाला त्यात जागा हवी, तर मुंबईच्या जिमखान्यांवर वाढलेल्या खेळाडूंशी त्याची बरोबरी होणार. १९४९ साली गुजरात विद्यापीठ स्थापन झाले आणि आपली महाविद्यालये अहमदाबादकडे पाहू लागली. १९६५ च्या सुमारास दक्षिण गुजरात विद्यापीठ सुरतेतच उभे राहिले. शहर तेच, खेळाडू तेच. परंतु दोन दशकांच्या आत त्यांचे प्रतिस्पर्धी दोनदा बदलले. वेस आखडली, तशी संघातील जागा आपल्या मुलांच्या अधिक जवळ आली.

असे सर्वत्र घडते. अमेरिकेत १८९६ साली सात विद्यापीठांनी मिळून खेळाचे नियमन करणारा संघ स्थापिला. तोच पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्धीस आला. तेथे आता सामन्यांच्या प्रक्षेपणाचा पैसा गट ठरवितो. २०२४ साली पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ या जुन्या गटातून बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. मागे दोनच उरली.

परंतु गटात नाव असणे म्हणजे खेळ असणे नव्हे. मुंबईत हॅरिस शील्डचे दार अनेक शाळांना खुले होते. तरीही रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन तेंडुलकरने शाळा बदलून शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला, कारण त्या शाळेत क्रिकेटची परंपरा आणि सरांचे मार्गदर्शन होते. १९८८ साली त्याने आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. त्या धावांमागे शाळेने खेळावर खर्चिलेला वेळ उभा होता.

आता उधन्याकडे वळू. तापी खोऱ्याची रेल्वे येथून नंदुरबार, जळगावकडे जाते. त्याच मार्गाने खानदेशातील कुटुंबे यंत्रमागांवर आली आणि येथे मराठी शाळा भरू लागल्या. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, त्यामुळे आपला मुलगा गुजरातकडून खेळतो आणि नंदुरबारचा त्याचा मामेभाऊ महाराष्ट्राकडून. यात खंत कसली? खेळाचा गट भाषा पाहत नाही, शाळा कोठे आहे ते पाहतो. २०१० साली सुरू झालेल्या खेल महाकुंभाचे दारही आपल्याला खुले आहे.

दार उघडे असूनही ते आपणच बंद करतो, याची एक कबुली येथे देतो. मी शिक्षक असताना एका वर्षी कबड्डीच्या स्पर्धेचे प्रवेशपत्र मुदतीत गेले नाही. ते पाठविण्याचे काम माझ्याकडे होते. त्या संघातील सर्वांत चपळ मुलाचे वयोगटातील ते शेवटचे वर्ष होते. पुढच्या वर्षी तो मागावर उभा राहिला. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ती गोष्ट आजही मनाला टोचते.

जागा नाही, पैसा नाही, हे आपण नेहमी ऐकतो. बास्केटबॉलला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदान लागते, ही अडचण खरी आहे. पण कबड्डीला १३ बाय १० मीटर पुरतात, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तेवढी माती, तास बुडवू न देणारा एक शिक्षक आणि वेळेवर गेलेला एक अर्ज, इतकी गुंतवणूक कोणत्याही शाळेस झेपण्यासारखी आहे.

गटाची वेस विद्यापीठे आणि सरकारे आखतात. मैदानाची रेघ मात्र शाळेनेच आखावयाची असते. गुरुजींनी ती आयुष्यभर आखली. ती पुसू न देणे, हीच त्यांना खरी आदरांजली होय.