१९४६चा मुंबईतील नौदल उठाव : संघर्षवृद्धी आणि मध्यस्थी

१९४६चा नौदल उठाव हा ब्रिटिश भारताच्या रॉयल इंडियन नेव्हीतील भारतीय नौसैनिकांनी १८ ते २३ फेब्रुवारी १९४६ या काळात केलेला संप आणि सशस्त्र उठाव होय. 'नाविकांचे बंड' किंवा 'नौदलाचा संप' या नावांनीही तो ओळखला जातो. त्याची सुरुवात मुंबईतील कुलाबा येथील 'तलवार' या नौदल तळावर झाली आणि ऐन भरात असताना तो ७८ जहाजे, २० किनारी तळ व सुमारे २०,००० नौसैनिकांपर्यंत पोहोचला. निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याची शिवीगाळ यांविषयीची तक्रार अवघ्या काही दिवसांत तोफा रोखण्यापर्यंत कशी गेली आणि राजकीय मध्यस्थीने ती कशी थांबली, या दृष्टीने हा उठाव संघर्षवृद्धी व मध्यस्थी यांच्या अभ्यासातील महत्त्वाचे उदाहरण ठरतो. या घटनेत लढाई थांबली. मात्र शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना दिलेले आश्वासन पुढे पूर्णपणे पाळले गेले नाही.

## पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ दहापटीहून अधिक वाढले. नव्याने भरती झालेल्यांत शिकलेले तरुण मोठ्या संख्येने होते. वेतन, निवास, भोजन व बढती या बाबतींत ब्रिटिश आणि भारतीय नौसैनिकांत मोठी तफावत होती. युद्ध संपल्यावर सैन्यकपात सुरू झाली आणि नोकरीतून मुक्त झाल्यानंतर काय करावयाचे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला.

याच सुमारास दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला चालू होता आणि त्याने देशभर लोकभावना जागी केली होती. दुसरीकडे, इंडोनेशियात डच सत्तेच्या पुनःस्थापनेसाठी भारतीय सैनिकांचा वापर होत असल्याबद्दल तीव्र नाराजी होती. जानेवारी १९४६मध्ये ब्रिटिश हवाई दलातील सैनिकांनीच मायदेशी परतण्यास होत असलेल्या विलंबाविरुद्ध संप केले होते. त्यामुळे सैन्यदलात संप होऊ शकतो, ही कल्पना नवी राहिली नव्हती.

## तक्रारीपासून संपापर्यंत

'तलवार' ही नौदलाची संदेशवहन प्रशाला होती. २ फेब्रुवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी तेथे ब्रिटिशविरोधी घोषणा लिहिलेल्या आढळल्या व त्याबद्दल बलाईचंद्र दत्त या नौसैनिकास अटक झाली. ८ फेब्रुवारीस तळाचे प्रमुख कमांडर किंग यांनी भारतीय नौसैनिकांना अत्यंत अपमानास्पद शब्द वापरले. नौदलाच्या नियमांनुसार सामूहिक तक्रार करता येत नसल्याने १४ नौसैनिकांनी स्वतंत्रपणे लेखी तक्रारी दिल्या.

या तक्रारींवर जवळजवळ आठवडाभर निर्णय झाला नाही. पुढे स्वतः किंग यांनीच तक्रारदारांना समोर बोलावून तक्रारींचा फेरविचार करण्यास सांगितले. म्हणजे ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तिची पहिली सुनावणीही त्याच्याच हाती राहिली. १८ फेब्रुवारीच्या सकाळी 'तलवार'वरील सुमारे १,१०० नौसैनिकांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले. त्या टप्प्यावर कोणीही शस्त्र उचलले नव्हते.

## मागण्या

संपकऱ्यांनी नाविक मध्यवर्ती संप समिती स्थापन केली. समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, तर उपाध्यक्ष मदन सिंग होते. मागण्यांचे स्वरूप दुहेरी होते.

* सेवाविषयक : चांगले अन्न, ब्रिटिश नौसैनिकांइतके वेतन व सुविधा, किंग यांच्यावर कारवाई, सेवामुक्तीची प्रक्रिया जलद करणे व नंतर पुनर्वसन, संपकऱ्यांवर सूड न उगवण्याची हमी.
* राजकीय : आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची व अन्य राजबंद्यांची सुटका, इंडोनेशिया व इजिप्तमधून भारतीय सैन्य परत आणणे.

पहिल्या गटातील बहुतेक मागण्या नौदलाच्या अधिकारकक्षेत येत होत्या. दुसऱ्या गटातील मागण्यांवर निर्णय घेण्याचा अधिकार मुंबईतील कोणत्याही अधिकाऱ्यास नव्हता. दोन्ही एकत्र आल्याने वाटाघाटींचा मार्ग अरुंद झाला. समाजवादी नेत्या अरुणा असफअली यांनी नौसैनिकांना या दोन प्रकारच्या मागण्या वेगळ्या ठेवण्याचा आणि मुंबईतील काँग्रेसच्या वरिष्ठ नेतृत्वाशी संपर्क साधण्याचा सल्ला दिला होता.

## संघर्ष तीव्र होण्याचे टप्पे

१९ फेब्रुवारी रोजी संप कॅसल बराक, फोर्ट बराक आणि बंदरातील २२ जहाजांपर्यंत पसरला. नौसैनिकांनी फोर्ट भागात मिरवणुका काढल्या. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र फडकले. मुंबईचे नौदल अधिकारी रिअर ॲडमिरल रॅट्रे यांनी किंग यांना बाजूला करून कॅप्टन इनिगो-जोन्स यांची नेमणूक केली. नौसैनिकांना भारतीय अधिकारी हवा होता. त्यामुळे या सवलतीने तणाव निवळला नाही.

२० फेब्रुवारीस नौसैनिकांना ठरावीक वेळेत आपापल्या बराकीत वा जहाजावर परतण्याचा आदेश देण्यात आला. परतलेल्या नौसैनिकांभोवती लष्कराचा पहारा बसला. परतणे म्हणजे कोंडले जाणे, असा त्याचा अर्थ नौसैनिकांनी घेतला.

२१ फेब्रुवारी हा निर्णायक दिवस ठरला. कॅसल बराकीतून बाहेर पडण्याचा प्रयत्न करणाऱ्या नौसैनिकांवर पहाऱ्यावरील तुकडीने गोळीबार केला. नौसैनिकांनी शस्त्रागारातील बंदुका घेऊन प्रत्युत्तर दिले आणि चकमक कित्येक तास चालली. बंदरातील जहाजांच्या तोफा सज्ज झाल्या. नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून इशारा दिला की, प्रसंगी संपूर्ण नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण उपलब्ध असलेले सर्व बळ वापरले जाईल. बंदरावरून लढाऊ विमानांची उड्डाणेही झाली. या भाषणात मागे फिरण्यासाठी संपकऱ्यांना कोणतीही अट वा सवलत देऊ केलेली नव्हती.

त्याच दिवशी सामान्य मुंबईकर अन्नाच्या पुड्या, फळे व पाणी घेऊन गेटवे ऑफ इंडियापाशी जमले. जहाजांवरून होड्या पाठवून नौसैनिकांनी ते अन्न नेले. बंदरातील वाद आता शहराचा झाला होता.

## गिरणगावातील हरताळ

गिरगावालगतच्या खेतवाडी भागात मध्यवर्ती कार्यालय असलेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने २२ फेब्रुवारीस सार्वत्रिक हरताळाची हाक दिली. अरुणा असफअली व अच्युत पटवर्धन या समाजवादी नेत्यांनी तिला पाठिंबा दिला. काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्या नेतृत्वाने हरताळास विरोध केला. तरीही जवळजवळ सर्व कापड गिरण्या बंद राहिल्या आणि सुमारे तीन लाख कामगार कामावर गेले नाहीत.

परळ, लालबाग, डिलाईल रोड या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रस्त्यांवर अडथळे उभारण्यात आले. लष्कराने चिलखती गाड्या आणल्या व अनेक ठिकाणी गोळीबार केला. परळ येथे कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे यांचा गोळी लागून मृत्यू झाला आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. शहरात जाळपोळ व लुटालूटही झाली. सरकारी आकडेवारीनुसार या दंगलीत २२८ नागरिक मृत्युमुखी पडले व १,०४६ जखमी झाले. उठावाची सर्वांत मोठी किंमत नौदलाबाहेरील माणसांनी मोजली. त्यांच्यापैकी कोणीही वाटाघाटींत पक्षकार नव्हते.

## मध्यस्थी

त्या वेळी मुंबईत असलेले सरदार वल्लभभाई पटेल हे प्रमुख मध्यस्थ ठरले. नौसैनिकांनी बिनशर्त शस्त्रे खाली ठेवावीत, त्यांच्यापैकी कोणावर सूड उगवला जाऊ नये व त्यांच्या रास्त मागण्या मान्य व्हाव्यात यासाठी काँग्रेस शक्य ते सर्व करील, असा त्यांच्या संदेशाचा आशय होता. मुस्लिम लीगचे नेते मोहम्मद अली जिना यांनी कोलकात्याहून तशाच आशयाचे आवाहन केले. शहरात शांतता राखण्यासाठी स्वयंसेवक देण्याची तयारी काँग्रेसचे स. का. पाटील व लीगचे चुंद्रीगर यांनी गव्हर्नर कॉलव्हिल यांच्याकडे दर्शवली.

पटेल यांची भूमिका निव्वळ तटस्थ मध्यस्थाची नव्हती. सत्तांतराची बोलणी जवळ आली होती. ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ भारतात पाठवण्याची घोषणा १९ फेब्रुवारीलाच झाली होती. स्वतंत्र भारतालाही शिस्तबद्ध सैन्य लागेल, त्यामुळे सैन्यातील शिस्तभंगाला उत्तेजन देता येणार नाही, असे त्यांचे मत होते. महात्मा गांधींनीही उठावाच्या हिंसक वळणावर टीका केली. अरुणा असफअली यांनी त्याच्या उलट अशी बाजू मांडली की, हिंदू व मुसलमान यांची एकजूट सनदशीर वाटाघाटींपेक्षा रस्त्यावरील लढ्यात अधिक सहजपणे घडेल.

नौसैनिकांच्या बाजूने पाहता त्यांच्याकडे जहाजे, तोफा आणि शहराची सहानुभूती होती. मात्र राजकीय नेतृत्व नव्हते व बाहेरून येणाऱ्या लष्करी बळापुढे दीर्घकाळ टिकण्याची शक्यता नव्हती. कराचीत 'हिंदुस्थान' या जहाजाने तोफांच्या माऱ्यानंतर २२ फेब्रुवारीस शरणागती पत्करली होती.

## शरणागती आणि आश्वासनाचे भवितव्य

रात्रभर चाललेल्या चर्चेनंतर संप समितीने पटेल यांचा सल्ला स्वीकारला. २३ फेब्रुवारीच्या पहाटे जहाजांवर शरणागतीचे काळे झेंडे चढले. आपण ब्रिटिशांना नव्हे, तर भारतीय जनतेला शरण जात आहोत, असे समितीने आपल्या अखेरच्या निवेदनात नमूद केले. २६ फेब्रुवारीस गिरगाव चौपाटीवर झालेल्या जाहीर सभेत जवाहरलाल नेहरू व पटेल यांची भाषणे झाली.

शरणागतीनंतर लगेच अटकसत्र सुरू झाले. अनेकांना मुलुंड येथील छावणीत ठेवण्यात आले. ४७६ नौसैनिकांना सेवेतून कमी करण्यात आले. पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्यात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन व न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार यांच्यासह दोन ब्रिटिश सेनाधिकारी होते. स्वातंत्र्यानंतरही कमी केलेल्या नौसैनिकांना भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलात परत घेतले गेले नाही. पुढील काळात भारतात त्यांच्यापैकी काहींना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली.

## मूल्यमापन

या मध्यस्थीबद्दल परस्परविरोधी मते आहेत. एका मतानुसार, गॉडफ्रे यांची धमकी आणि शहरातील वाढता रक्तपात लक्षात घेता शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला हाच जीवितहानी थांबवण्याचा एकमेव व्यवहार्य मार्ग होता. दुसऱ्या मतानुसार, काँग्रेस व लीगच्या नेतृत्वाने आपल्या वाटाघाटी सुरक्षित ठेवण्यासाठी नौसैनिकांना एकटे सोडले.

घटनाक्रमावरून तीन बाबी दिसून येतात. पहिली, ८ ते १७ फेब्रुवारी या काळात स्वतंत्र अधिकाऱ्याकडून तक्रारींची चौकशी करणे शक्य होते व तेव्हा त्यासाठी द्यावी लागणारी किंमत सर्वांत कमी होती. दुसरी, प्रत्येक सवलत एका टप्प्याने उशिरा आली. किंग यांची बदली १८ तारखेपूर्वी कदाचित पुरेशी ठरली असती. १९ तारखेस ती अपुरी होती. तिसरी, सूड न उगवण्याचा शब्द ज्यांनी दिला त्यांच्या हाती तो पाळण्याचा अधिकार नव्हता आणि ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांनी तशी लेखी हमी दिली नव्हती.

## आंतरराष्ट्रीय संदर्भ

१९४५च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ३३वे कलम वादांच्या निराकरणासाठी वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद व न्यायनिवाडा हे मार्ग सांगते. मुंबईत यांपैकी चौकशीचा मार्ग रक्तपात झाल्यानंतर अवलंबला गेला. अमेरिकन अभ्यासक हर्मन कान यांनी १९६५मध्ये संघर्षवृद्धीची कल्पना ४४ पायऱ्यांच्या शिडीच्या रूपात मांडली. प्रत्येक पायरीवर थांबण्याची संधी असते, हा त्या मांडणीचा एक अर्थ आहे.

१९६२च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात सोव्हिएत माघारीच्या बदल्यात अमेरिकेने क्यूबावर आक्रमण न करण्याचे आश्वासन दिले व तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुप्तपणे मान्य केले. तेथे आश्वासन देणारा पक्ष आणि ते पाळू शकणारा पक्ष एकच होता. मुंबईत हे दोन पक्ष वेगळे होते.

## स्मृती

बलाईचंद्र दत्त यांनी १९७१मध्ये आपल्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. उत्पल दत्त यांचे 'कल्लोल' हे १९६५मधील बंगाली नाटक या उठावावर आधारित आहे. कुलाबा येथे नौदल उठावाचे स्मारक आहे. कॅसल बराकीच्या जागी आज भारतीय नौदलाचा 'आय.एन.एस. आंग्रे' हा तळ आहे.