तळटीप : साती आसरा

१. साती आसरा : 'आसरा' हे 'अप्सरा'चे लोकरूप. विहीर, ओढा, डोह, जिथे पाणी तिथे यांचे ठाणे. मूर्ती नसते, शेंदूर फासलेले सात तांदळे (अनघड दगड) ओळीने मांडलेले असतात. गडमुडशिंगीसारख्या करवीर तालुक्यातील गावांत म्हसोबा शिवार राखतो, पाणी मात्र यांचे. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात एवढ्यावर त्या शांत होतात; कोपल्या तर बाळंतिणीला आणि पोराला धरतात, अशी समजूत.

मूळ लेखात युरोपातील केल्ट लोकांच्या देवतांशी केलेली तुलना अस्थानी नाही. फ्रान्समधील मार्न नदीचे जुने नाव मात्रोना, म्हणजे आईच. सेन नदीच्या उगमाशी सेक्वाना देवीला भाविक लाकडात कोरलेले हात, पाय, डोळे वाहत. १९६३ च्या उत्खननात ते मोठ्या संख्येने सापडले. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे वाहतात, ते आठवावे. मात्र एवढ्यावरून आसरा आणि केल्ट देवतांचे नाते जोडणे उतावीळपणाचे ठरेल. केल्ट पुरोहितांनी आपला धर्म लिहून ठेवला नाही. आपल्याला तो बराचसा रोमनांच्या तोंडून कळतो. आसरांचीही पोथी नाही, पण त्यांची पूजा अजून चालू आहे.