वंचितांचा रंगमंच

वंचितांचा रंगमंच हा महाराष्ट्रातील ठाणे शहरात चालणारा नाट्यविषयक सामाजिक उपक्रम आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या संकल्पनेतून तो २०१४ मध्ये सुरू झाला. समता विचार प्रसारक संस्था त्याचे संयोजन करते. झोपडपट्ट्या व श्रमिक वस्त्यांमधील किशोरवयीन मुलामुलींनी आणि तरुणांनी स्वतःच्या जगण्यातील विषयांवर नाटिका रचून त्या स्वतः सादर कराव्यात, हे या उपक्रमाचे सूत्र आहे. या नाटिकांचा महोत्सव ‘नाट्यजल्लोष’ या नावाने ओळखला जातो.

पार्श्वभूमी

श्रमिकांनी स्वतःची कला स्वतः उभी करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन केले. पुढे कामगार नाट्यस्पर्धांमुळे गिरण्या व कारखान्यांतील हौशी कलावंतांना मंच मिळाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कळीत होत गेले आणि तेथील सांस्कृतिक जीवनाचा आधारही क्षीण झाला. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना अशी हक्काची जागा उरली नाही.

मतकरी (१७ नोव्हेंबर १९३८ – १७ मे २०२०) यांनी पत्नी प्रतिभा मतकरी यांच्यासह ‘बालनाट्य’ ही संस्था चालवून अनेक वर्षे मुलांसाठी नाटके केली. ‘लोककथा ७८’ या नाटकातून त्यांनी ग्रामीण दलितांवरील अत्याचाराचा विषय मांडला होता. सामाजिक चळवळींशीही त्यांचा निकटचा संबंध होता. वंचितांवर नाटक लिहिण्यापेक्षा वंचितांच्या हाती नाटक देणे, हा या उपक्रमाचा वेगळेपणा आहे.

स्वरूप

वस्तीतील मुलांचा गट आपला विषय निवडतो, चर्चेतून व तालमींतून प्रसंग रचतो आणि नाटिका बसवतो. अनुभवी रंगकर्मी मार्गदर्शन करतात. मात्र आशय व भाषा मुलांचीच राहावी, असा आग्रह असतो. त्यामुळे घर, शिक्षण, व्यसनाधीनता, मुलींवरील बंधने यांसारखे विषय वस्तीच्या बोलीत रंगमंचावर येतात. मतकरी यांच्या निधनानंतरही संस्थेने हे काम पुढे चालू ठेवले.

व्यवसायाचा प्रश्न

रंगमंचावर संधी मिळणे आणि कलेवर उदरनिर्वाह होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर मोबदला बहुधा प्रत्येक प्रयोगामागे मिळतो. त्याला ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग नसतील त्या काळात उत्पन्न थांबते. घरातील कमावत्या तरुणाला ही अनिश्चितता परवडत नाही. मतकरी यांनीही १९७८ पर्यंत बँकेतील नोकरी सांभाळून लेखन केले होते.

औपचारिक प्रशिक्षणाच्या वाटेवरही अडसर आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (स्थापना १९५९) व मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी येथील मुख्य अभ्यासक्रमांना पदवी आवश्यक असते. दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलेल्यांसाठी हे दरवाजे बंद राहतात. अशा तरुणांना बहुतेक वेळा एखाद्या जाणत्या कलावंताच्या किंवा तंत्रज्ञाच्या हाताखाली काम शिकावे लागते. त्यासाठी ओळख आणि काही काळ अल्प मोबदल्यावर राहण्याची तयारी लागते.

अभिनयाखेरीज प्रकाशयोजना, ध्वनिसंयोजन, नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा व रंगमंच व्यवस्था ही कामेही रोजगार देऊ शकतात. यांतील अनेक कौशल्ये लग्नसमारंभ, दूरचित्रवाणी मालिका व सार्वजनिक उत्सवांच्या सजावटीतही उपयोगी पडतात. गटाने मिळून नाटिका उभी करताना तरुणांना या कामांची पहिली ओळख होऊ शकते. तसेच लोकांपुढे बोलण्याचा आत्मविश्वास, वेळेची शिस्त व सहकार्य हे गुण इतर व्यवसायांतही उपयुक्त ठरतात.

भौगोलिक संदर्भ

ठाण्यापासून कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली व कल्याण असा मध्य रेल्वेवरील दाट वस्तीचा पट्टा आहे. त्यापैकी दिवा हे ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर असून वसई व पनवेलकडे जाणारे लोहमार्ग तेथे मुख्य मार्गाला मिळतात. या पट्ट्यातील प्रमुख नाट्यगृहे ठाण्यात राम गणेश गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह आणि कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर ही आहेत. मालिका व चित्रपटांची कामे प्रामुख्याने मुंबईत होतात. दिव्यासारख्या ठिकाणच्या तरुणाला तालमीसाठी दिवसभराच्या कामानंतर गर्दीच्या लोकलने प्रवास करावा लागतो. रात्री उशिरा परतण्याची अडचण मुलींच्या बाबतीत अधिक तीव्र असते. म्हणूनच तालीम वस्तीतच होणे हे कलेइतकेच सहभागाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.