ग्रामपंचायतीचे दैनंदिन कामकाज (बारामती व इंदापूर तालुके)

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार चालणारे गावपातळीवरील नित्याचे काम. मासिक सभा, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, जन्म-मृत्यूची नोंद, दाखले, दिवाबत्ती, नळयोजनेची देखभाल हे त्याचे स्वरूप. रस्त्याच्या उद्घाटनापेक्षा पंचायतीची खरी कुवत या कंटाळवाण्या कामांतच कळते. बारामतीत नीरा डाव्या कालव्याखालची उसाची गावे आणि सुपे परिसरातील जिरायत गावे यांना कायदा एकच, पण विषयपत्रिका वेगळी. उन्हाळ्यात जिरायत गावाला टँकर हवा असेल, तर मागणीची सुरुवात पंचायतीच्या ठरावापासूनच होते. इंदापुरात उजनी जलाशयाकाठच्या पुनर्वसित गावठाणांत घरजागेच्या नोंदीला अधिक महत्त्व येते. कर आकारणी ‘नमुना ८’मध्ये आणि मागणी ‘नमुना ९’मध्ये लिहितात. ‘आठ-अ’ हा शेतजमिनीचा, तलाठ्याकडचा उतारा. लोक नमुना ८ आणि आठ-अ यांची सर्रास गल्लत करतात. मिळकतीच्या वादात नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीहक्काचा पुरावा नव्हे.

पंचायत ही वरच्या योजनांची केवळ हमाल आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्मा खरा आहे. स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते आणि वित्त आयोगाच्या निधीला अटी असतात. पण थकबाकी वसूल करायची की निवडणुकीकडे पाहून सोडून द्यायची, हा निर्णय गावचाच. ग्रामसभेला माणसेच येत नाहीत, हा दुसरा आक्षेप. वर्षात किमान ४ ग्रामसभा बंधनकारक आहेत, गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट गैरहजेरीला सोयीची ठरते. मिळकतीच्या वादात नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीहक्काचा पुरावा नव्हे.