पोर्ट म्हणजे काय रे भाऊ?

मत्रहच्या कॉर्निशवर मुलांना विचारा, 'पोर्ट' म्हणजे काय? समोर सुलतान काबूस पोर्ट दिसत असतानाही ती मोबाईलचं चार्जिंग पोर्ट दाखवतील. चूक नाही. लॅटिनमध्ये 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार. इंग्रजीत दोन्हींचं 'पोर्ट' झालं. जहाजाची डावी बाजूही पोर्टच. तिचं जुनं नाव 'लारबोर्ड' हे 'स्टारबोर्ड'सारखं ऐकू येई, आणि भर समुद्रात असा घोळ महागात पडणार! म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलानं ते बदललं. पोर्तुगालच्या नावातही हेच पोर्ट. त्या पोर्तुगिजांना ओमानींनी १६५० मध्ये मस्कतमधून हाकललं.

आपला शब्द 'बंदर'. तो ऐकून तुमच्या मुलांना हिंदीतलं माकड आठवतं का? मग त्यांना बंदर खैरानला न्या. फारसीतून मराठीत आलेला तोच शब्द ओमानच्या नकाशावरही आहे.